ठच्या पोटातला ठिपका

सोमवार, ४ नोव्हेंबर

नव्या वहीचं पहिलं पान आणि नव्या नोकरीचा पहिला दिवस एकत्र यावेत म्हणून ही वही मी तीन आठवडे कोरी ठेवली होती. ताई म्हणाली, असले सोपस्कार तुलाच सुचतात. पण तिनेच सकाळी उठून माझा डबा भरला, आणि भावजींनी बस कुठे बदलायची त्याचा नकाशा काढून दिला. नकाशात दोन वळणं चुकली होती, पण मी पोचल्याशी मतलब. चिंगीने, म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या भाचीने, दारातून बजावलं की मावशी, साहेबांना उलट बोलू नकोस.

छापखाना दुमजली आहे. खाली यंत्रांची धडधड, वर एका लांबट खोलीत अक्षरजुळणी. तीन कॉम्प्युटर, कपाटाएवढा प्रिंटर, आणि खिडकीखाली माझं टेबल. टेबलावर पितळी बुडाचं भिंग, पोलादी मोजपट्टी आणि लाल पेन्सिल. हे सगळं माझं, असं साहेब म्हणाले तेव्हा मला लग्नातल्या नवरीसारखं अवघडायला झालं. टेबलाखाली एक चपलांचा जोड होता. आधीच्या बाईंचा म्हणे. त्या एका दुपारी गेल्या त्या परत आल्याच नाहीत, नोकरी सोडते असं सांगायलाही नाही. मी चपला पुसून भिंतीला लावून ठेवल्या. न्यायला येतील तेव्हा सापडाव्यात.

साहेब बोलके आहेत. म्हणाले, तुमच्याआधी चाळीस जण भेटून गेले, पण आमच्या परीक्षेच्या कागदावरची चूक एकट्या तुम्ही दाखवलीत. मला बरं वाटलं आणि लगेच लाजही वाटली. चूक स्वल्पविरामाची होती.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

काम काय आहे ते लिहून ठेवते. बाबा म्हणायचे, जे लिहून सांगता येत नाही ते समजलेलंच नसतं. बाबा जमीनमोजणीत होते, दर वर्षी बदली. शाळा टिकेना म्हणून आम्हा दोघी बहिणींना दहा-अकरा वर्षांपर्यंत त्यांनी घरीच शिकवलं. चूक ते कधी दाखवत नसत. फक्त, या पानात एक चूक आहे, एवढं सांगून उठून जात. काही वेळा नसायचीही. आम्ही तासन्‌तास शोधत बसायचो. ताई त्यातून सुटली. मी नाही.

तर, कॉम्प्युटरात अक्षराचं चित्र नसतं, वर्णन असतं. लेखणी कुठून निघाली, कुठे वळली, कुठे जाड झाली, सगळं आकड्यांत. पण छापायला प्रिंटरला ठिपके लागतात: बारीक चौकटींच्या जाळीत कुठल्या घरात शाई आणि कुठलं घर रिकामं. अक्षराच्या प्रत्येक मापासाठी ठिपक्यांचा ठसा वेगळा. पूर्वी माणूस बसून हे ठसे करायचा. आता पानाने एखादं माप मागितलं आणि तो ठसा साठ्यात नसला, तर यंत्र वर्णन वाचून तिथल्या तिथे तो बनवतं, साठ्यात ठेवतं आणि पुढे जातं. कुणाला विचारत नाही. पडद्यावर एक ओळ उमटते: ठसा नव्हता, तयार केला. ही ओळ आली की तो ठसा छापायचा आणि भिंगाखाली तपासायचा, हे माझं काम.

नियम एकच. ठिपक्याला हात लावायचा नाही. चूक दिसली तर वर्णन दुरुस्त करायचं आणि यंत्राकडून ठसा नव्याने करून घ्यायचा. ठिपका बिचारा हुकमाचा ताबेदार, त्याला कशाला बोल लावता, असं साहेब म्हणाले.

सध्या पहिलीचं वाचनपुस्तक चाललंय. त्यानंतर वर्गात लावायचे तक्ते, एका तक्त्यावर एकच अक्षर, हातभर उंचीचं. जानेवारीत शाळाशाळांतून जाणार. चिंगीच्याही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आज एक गोष्ट केली. लिहावी की नाही असा प्रश्न पडला, म्हणजे लिहायलाच हवी.

प्रूफं वाचणारे एक म्हातारे गृहस्थ माझ्या पलीकडे बसतात. सगळे त्यांना प्रूफकाका म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव ‘मास्तरीणबाई’ ठेवलं. मी खोडरबर मागितलं तरी म्हणतात, घ्या, पण छडी मारू नका. गेले तीन दिवस त्यांनी म धरला होता. त्यांच्या मते मच्या आतली चौकट अरुंद झाली आहे, दम कोंडल्यासारखी. माझं भिंग घेऊन ते तासतासभर त्या चौकटीत बघत बसायचे.

आज दुपारी अठराच्या मापाचा म तपासताना चौकटीत मला एक ठिपका दिसला. एकच. चहूबाजूंनी रिकामं आणि मधोमध एक भरलेलं घर. प्रिंटरचा डाग नव्हता, ठशातच होता. वर्णन वाचलं. तिथे शाई पडण्याचं काहीच कारण नव्हतं. सगळा संच पुन्हा करून घ्यायचा तर तीन तास, आणि पानं चार वाजता जायची. ठिपका तसाच ठेवून पान पाठवणं मला जमेना. नियम मोडणंही जमेना. चाळीस मिनिटं बसून राहिले.

मग ते एक घर हाताने पांढरं केलं.

सोमवारी साहेबांना सांगेन.

शनिवार, ९ नोव्हेंबर

वाचनपुस्तकाची चार कच्ची पानं घरी आणली. परवानगी लेखी मागितली तेव्हा साहेब म्हणाले, रद्दीतला कागद आहे हो, तिजोरीतला नाही. चिंगीला जमतंय का बघायचं होतं. बाकी सगळं ओळखलं, बवर गाडी अडली. पोटातली ती तिरकी काठी कुठून निघते ते तिला कळेना. मी बाबांसारखंच केलं. म्हटलं, शंभर वेळा बोटाने गिरव. ताई आतून म्हणाली, अगं पोर आहे ती, तुझं प्रूफ नाही. भावजी म्हणाले, शंभर झाले की हाक मारा, टाळ्या वाजवायला येतो.

शंभर झाले तरी चिंगी थांबेना. नाक कागदाला टेकेल इतकी वाकली होती. जेवायला उचलून न्यावी लागली. ताई म्हणाली, लागली हिलाही तुमची साथ.

सोमवार, ११ नोव्हेंबर

प्रूफकाका शुक्रवारी घरी पोचलेच नाहीत. काकू सकाळपासून खाली बाकावर बसून आहेत. चार वाजता ते टेबलाशी होते एवढं सगळ्यांना आठवतं. उठून जाताना कुणी पाहिलं नाही. पिशवी खुंटीला आहे, चष्म्याचं घर उघडं आहे. पोलिसांनी प्रत्येकाला विचारलं. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते आणि मला काही सांगता आलं नाही. मान खाली घालून कामात होते, एवढंच सांगितलं. ते खरं आहे.

या गडबडीत मी हाताने ठसा सुधारल्याचं साहेबांना सांगायचं राहिलं.

आज ठच्या पोटात ठिपका सापडला. दहाच्या मापात. ठ चहूबाजूंनी बंद, आत काही असायचं कारण नाही. या वेळी हात लावला नाही. नियमाप्रमाणे, तीन तास घालवून, दहाचा सगळा संच काढून टाकला आणि यंत्राकडून नवा करून घेतला. नव्या ठशातही ठिपका आहे. एक घर डावीकडे.

बुधवार, १३ नोव्हेंबर

चूक काय आहे ते कळल्याशिवाय दुरुस्त कशी करायची? दहाच्या मापात ठिपका म्हणजे ठिपका, त्यात बघण्यासारखं काही नसतं. म्हणून अठराचा ठ मागवला. तिथे ते दोन ठिपके झाले, एकावर एक. छत्तीसच्या मापात वरचा गोल झाला आणि खालचा वाकला. बहात्तरमध्ये त्याच्यापुढे एक आडवी रेघ आली, टेबलासारखी.

हे होऊ शकत नाही. माप वाढवलं की कडा गुळगुळीत होतात, नवीन काही येत नाही. वर्णनात जेवढं आहे तेवढंच मोठं होणार. आणि ठच्या वर्णनात एक दांडी आणि एक गोल आहे, दुसरं काही नाही. मी अकरा वेळा वाचलं.

आणखी एक. मी बहात्तरचा ठ मागवला तेव्हा ‘ठसा नव्हता’ ही ओळ आली नाही. ठसा साठ्यात होता. एकट्या ठचा. पुस्तकात तर ते माप अजून कुठल्याच पानाला लागलेलं नाही. कुणीतरी माझ्याआधी मागवला होता.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

यंत्राच्या नोंदी काढल्या. आधीच्या बाईंनी मागवलेले ठसे: ठ अठरा, ठ छत्तीस, ठ बहात्तर, ठ एकशे चव्वेचाळीस. शेवटचा, ठ चारशे ऐंशी, मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी दोन चाळीसला. त्यानंतर त्यांच्या नावावर एकही नोंद नाही. हजेरीपटातही नाही.

चारशे ऐंशीचा छापून पाहिला. अख्खं पान भरलं. पोटात टेबलाशी बाई बसली आहे. केस मागे बांधलेले, डोळ्याशी भिंग. ती खाली बघते आहे. पाय अनवाणी आहेत.

खालच्या मजल्यावरच्या दोघांना कागद दाखवला. त्यांना पोट रिकामं दिसलं. एकजण म्हणाला, छान गोल आलाय. नुसतं बघून दिसत नाही. थांबून बघावं लागतं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

गेले आठ दिवस चिंगी मंद झाली आहे. हाक मारली की उशिरा वळते. काल ताटावर बसली आणि भात चिवडत राहिली. ताई म्हणते, हवा बदलली आहे. भावजी म्हणतात, शाळेतून फोन होता, पोरगी वर्गात असून नसल्यासारखी बसते, बाईंनी दोनदा गैरहजेरी मांडली. मी तिला मांडीवर घेतलं. मांडीला काही लागलंच नाही. उशी घेतल्यासारखं.

ऑफिसात आल्याबरोबर ब काढला.

दहाच्या मापात ठिपका. काठीच्या खाली.

पुस्तकाच्या पानांनी गेल्या आठवड्यात बची सगळी मापं मागितली आहेत. अठरा, चोवीस, छत्तीस. शुक्रवारी बहात्तर. यंत्राने करून ठेवली. कुणी अडवणार नव्हतंच.

बहात्तरच्या बमध्ये कुणीतरी वाकून बसलं आहे. ठमधल्या बाईपेक्षा पुष्कळ लहान. नाक जमिनीला लागलंय. एक बोट पुढे.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आता क्रम लागतो. जो ज्या अक्षरात बघत थांबतो त्याचा ठिपका त्या अक्षरात पडतो. ठिपका लहान असतो तोवर माणसाला काही होत नसावं. माप वाढलं की आतलं स्पष्ट होतं आणि बाहेरचं माणूस तितकंच पुसट. बाईंनी स्वतःच मागवत मागवत चारशे ऐंशीपर्यंत नेलं.

आणि ठिपका पुसला तर —

काकू आजही बाकावर होत्या. मी दुसऱ्या जिन्याने वर आले. अठराच्या मापाचा म. शुक्रवार, दुपारी चारच्या सुमारास. एक घर. मी केलं ते. हे मी इथे लिहिते आहे, कारण दुसरीकडे कुठे लिहिलं तर कुणी समजणार नाही. मी केलं.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंगातून पाच सेकंद पाहिलं आणि ठेवून दिलं. म्हणाले, आठवडाभर ठिपके बघताय, आता चहात साखर घातली तरी दाणे मोजाल. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, काकांचं सगळ्यांनाच लागलंय, दोन दिवस रजा घ्या. तक्ते थांबवा म्हटलं तेव्हा मात्र मऊपणा गेला. तक्ते शुक्रवारी दहा वाजता सुरू होणार. माप नऊशे साठ. सगळी अक्षरं. कपासून.

नऊशे साठ. चिंगी बहात्तरलाच मांडीवर लागत नाही.

आणि प्रत्येक वर्गात चाळीस पोरं, समोरच्या भिंतीकडे बघत बसलेली. थांबून बघतात ती पोरंच.

बुधवार, २० नोव्हेंबर

रजा घेतली नाही. घेतली तर यंत्रापाशी कोण थांबेल?

चिंगीचा ठसा काढून टाकता येत नाही. यंत्राकडून नव्याने करून घेतला तर ठिपका राहतो, फक्त जागा बदलतो. हाताने पुसायचा तर — नाही. वर्णनच नष्ट केलं तर? अक्षर राहणार नाही. मग आत असलेल्याचं काय होईल? काही माहीत नाही. माहीत नसताना हात लावून एकदा पाहिलं आहे.

आज ळ तपासायचा होता. गेले आठ दिवस मी ळची दोन पोटं सारखी आहेत का ते मोजते आहे, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. मन शांत राहतं म्हणून. उजवं पोट अर्ध्या घराने मोठं आहे.

डाव्या पोटात ठिपका आहे.

आश्चर्य वाटलं नाही. आकडा बरोबर जुळल्यासारखं वाटलं. पुस्तकाने ळ अजून चोवीसपर्यंतच मागितला आहे. उद्या शेवटची पानं, बहात्तरची.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

चहावाला रोज सात कप ठेवतो. आज सहा ठेवले. मी समोर उभी होते.

मी म्हटलं, माझा? त्याने ऐकलं नाही. खुर्ची ओढली तर आवाज झाला नाही.

बाबा शेताची हद्द आखायचे तेव्हा आम्हाला बरोबर न्यायचे. चारी बाजूंनी दगड पुरायच्या आधी म्हणायचे, वाट सोडलीय का बघ. ज्या शेताला वाट नाही ते शेत नव्हे, खड्डा.

ठिपका पुसायचा नाही. रेघ उघडायची. बच्या पोटाची रेघ खालून तोडायची, वर्णनातच, आकडे बदलून. थोडीशी फट. मग यंत्र नऊशे साठचा ठसा करेल तो उघडा होईल. तिला बाहेर येता येईल.

येईल का, माहीत नाही. दुसरं काही नाही माझ्याकडे.

वर्णनं वाचता केव्हाही येतात, पण ती बदलायचा कॉम्प्युटर साहेबांच्या कुलपात आहे. ते सकाळी साडेआठला उघडतात. दहापर्यंत वेळ मिळेल. एका अक्षराची रेघ म्हणजे साठ-सत्तर आकडे, एक चुकला तर सगळं अक्षर विस्कटतं. माझ्या हाताने तास तरी लागेल. म्हणजे आधी ब. मग जमलं तर ळ.

चिंगी आज शाळेत गेली नाही. ताई तिला खोलीभर शोधत होती. ती पलंगावरच बसली होती. मला दिसत होती. ताईला दिसायला वेळ लागला. ताई हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आठ पस्तीस. कुलूप उघडलं. साहेबांना मी आत आल्याचं कळलं नाही. बरंच झालं.

कळफलक दाबायला दोन-दोन बोटं लावावी लागतात. एका बोटाचा जोर पुरत नाही.

नऊ दहा. निम्मे आकडे झाले. एक चुकला होता, सापडला. पुन्हा पहिल्यापासून वाचते आहे. घाई करायची नाही.

नऊ बावन्न. ब झाला. फट खाली, दोन मिलिमीटर. तीनदा तपासली. साठवला.

ळ उघडला. पहिला आकडा —

नऊ पंचावन्न. साहेबांनी आजच पाच मिनिटं आधी सुरू केलं. सुरू झालं की यंत्र वर्णनांना हात लावू देत नाही, संपेपर्यंत. पडद्यावर ळ आहे आणि एकही आकडा बदलत नाही.

थांबवा म्हणून ओरडले. साहेब शीळ घालत माझ्या बाजूने गेले.

वीज तोडता येईल. पण अर्धवट ठसे पुसले जातात. पुसायचं नाही.

क. ख. ग. एकेक तक्ता सरकत येतो. एकाला तीन-चार मिनिटं. प्रत्येक वेळी तीच ओळ. ठसा नव्हता, तयार केला.

माझं काम तपासायचं. तपासते आहे.

ठ. बाई आता बसलेली नाही. उभी आहे, दोन्ही तळहात रेघेला आतून लावून. मला फट सुचली तेव्हा हिची आठवण झाली नव्हती. ही क्षमा मागायची जागा नाही, पण मागते.

साहेबांनी तक्ता उजेडात धरला. म्हणाले, वा.

त. थ. द.

न. प. फ.

ब.

ब आला. फट आहे. पोट रिकामं. फटीपासून कागदाच्या कडेपर्यंत बारीक ठिपक्यांची ओळ आहे, जवळजवळ, धावत गेल्यासारखी. कडेला संपते.

साहेबांच्या टेबलावरून ताईला फोन लावला. ताई हॅलो हॅलो म्हणत राहिली. मी सांगत होते. ती भावजींना म्हणाली, कुणी बोलतच नाही. तिच्या मागून चिंगी ओरडत होती की दूध थंड आहे, मी पिणार नाही, आणि काहीतरी धाडकन पडलं, आणि ताई तिच्यावर रागावली. किती दिवसांनी रागावली. मग फोन ठेवला.

एवढंच हवं होतं.

भ. म. चौकट रिकामी. काकांना बघायला मी वाकले होते, उगीच.

य र ल. पेन कागदावर टेकतंय पण शाई फिकी उतरते. हे कुणाला वाचता येईल का —

ताई, बच्या तक्त्यात चूक आहे असं साहेब म्हणतील. दुरुस्त करू देऊ नकोस. ब बंद करू देऊ

व.

श. ष. मला टेबलाची कड लागत नाही. उजेड फार आहे, सगळीकडून सारखा, कागदासारखा

स. ठीक.

ह. शेपटी बरोबर वळली आहे. आत काही नाही. तपासला, ठीक.

पुढचा